जुना लॅपटॉप घेताना: लेनोवो, डेल, एचपी की मॅक? कुणाचा नंबर किती खरं सांगतो

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की मला फोन यायला लागतात. "काका, तपकीर गल्लीत एक लॅपटॉप बघितलाय, घेऊ का?" तपकीर गल्ली म्हणजे पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. सोबत फोटो असतो झाकणाचा, नाहीतर चालू स्क्रीनचा. त्यावरून काहीच कळत नाही. मी उलट निरोप पाठवतो: "मशीन पालथं कर आणि स्टिकरचा फोटो पाठव."

पुण्यात वापरलेल्या लॅपटॉपला तोटा नाही. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्या मशीन बदलतात आणि जुनी मशीन लॉटने बाजारात येतात. ती दणकट असतात, किमतीलाही परवडतात. अडचण एवढीच की एकाच साच्यातल्या दोन मशीनमध्ये प्रोसेसरच्या एका पिढीचा फरक असतो आणि तो वरून दिसत नाही. लेनोवोचे थिंकपॅड टी४७० आणि टी४८० शेजारी ठेवले तर सवय नसलेल्याला ते जुळे वाटतील. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. चार वर्षं कॉलेजात वापरायच्या मशीनसाठी ही रेघ फार महत्त्वाची आहे. रेघेच्या कोणत्या बाजूचं मशीन आहे ते नंबरावरून दुकानातच कळू शकतं. मात्र प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळ्या पद्धतीने बोलतो.

लेनोवोपासून सुरुवात करतो, कारण दुकानात उभ्या उभ्या सगळ्यात सोपं तेच आहे. स्टिकरवर दोन गोष्टी असतात: सिरियल नंबर आणि एमटीएम, म्हणजे मशीन टाइप-मॉडेल. मॉडेल ओळखायला सिरियल नंबर बघत बसू नका, एमटीएमची पहिली चार अक्षरं बघा. २०एचडी किंवा २०एचई असेल तर तो टी४७०. २०एल५ किंवा २०एल६ असेल तर टी४८०. दुकानदार तोंडाने काहीही म्हणो, ही चार अक्षरं पुरतात. आयडियापॅडच्या बाबतीत तर एमटीएमशिवाय पान हलत नाही, कारण एकाच नावाखाली कितीतरी वेगवेगळी मशीन विकली गेली आहेत. तिथे शेवटची दोन अक्षरं देश सांगतात, आयएन म्हणजे भारतासाठी बनवलेलं. स्टिकर खरवडलं असेल तरी काळजी नको. विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की 'सिस्टिम मॉडेल'समोर हाच एमटीएम दिसतो. एक खबरदारी: टी४८० काही वेळा सातव्या पिढीच्या प्रोसेसरसह विकला गेला आहे. म्हणून प्रोसेसरचा नंबरही वाचाच. आय५-८३५०यू मधला डॅशनंतरचा ८ म्हणजे पिढी.

डेलचं नेमकं उलट आहे. सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग नुसता बघून मॉडेल कळत नाही, ती फक्त किल्ली आहे. पण ती डेलच्या साइटवर टाकली की जी माहिती उघडते, तिच्या जोरावर मी डेलला या चौघांत इतिहासासाठी पहिला नंबर देतो. मॉडेल, वॉरंटीच्या तारखा आणि मूळ कॉन्फिगरेशन, म्हणजे कारखान्यातून निघताना आत कोणता प्रोसेसर, किती रॅम, कसला डिस्प्ले होता, हे सगळं मिळतं. दुकानदार म्हणतो "ओरिजिनल सोळा जीबी", तर ते तिथे पडताळता येतं.

टॅगच्या शेजारी एक्स्प्रेस सर्व्हिस कोड नावाचा लांबलचक आकडा असतो. तो निराळा नंबर नाही. शून्य ते नऊ आणि पुढे ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं झेडपर्यंत ३५ धरून छत्तीसच्या पायावर तोच टॅग आकड्यात मांडलेला असतो. त्यामुळे एक छोटी परीक्षा करता येते. एक्स्प्रेस कोडला ३६ ने भागा आणि बाकी बघा. बाकी ३ आली तर टॅगचं शेवटचं अक्षर ३ असायला हवं, ११ आली तर बी. फोनच्या कॅल्क्युलेटरवर उत्तराचा दशांश भाग परत ३६ ने गुणला की बाकी मिळते. जुळलं नाही तर स्टिकर कुणीतरी छापून चिकटवलं आहे.

पण स्टिकर अस्सल असलं म्हणजे मशीन तेच असतं असं नाही, हे मी पैसे घालवून शिकलो. बहिणीच्या मुलीसाठी एक लॅपटॉप घेतला होता. खालचा टॅग साइटवर टाकला, आठवी पिढी दिसली, पैसे दिले. घरी आल्यावर चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, गेलो, तर तिथे वेगळाच टॅग. तो साइटवर टाकला, सातवी पिढी. खालचं झाकण दुसऱ्याच मशीनचं होतं. खरा नंबर मदरबोर्डवर साठवलेला असतो. स्टिकर फक्त प्लॅस्टिकवर असतं, आणि प्लॅस्टिक चार स्क्रूंनी बदलतं. परत गेलो तर दुकानदार ऐकेना. बिलावर नुसतं 'लॅपटॉप, १ नग' लिहिलेलं. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. पोरीचा उतरलेला चेहरा अजून आठवतो.

म्हणून ब्रँड कुठलाही असो, स्टिकर आणि बायोस दोन्ही दुकानातच जुळवा. डेलला एफ२, थिंकपॅडला एफ१, एचपीला एफ१०. न जुळण्यामागे बोर्ड रीतसर बदललेला असणं हेही कारण असू शकतं, पण मग भाव त्या बोर्डाचा ठरवा, झाकणाचा नाही.

एचपी या दोघांच्या मध्ये बसतो. त्याच्या दहा अक्षरी सिरियल नंबरातून अनेक वर्षं बनवल्याची तारीख वाचता येत होती. पहिली तीन अक्षरं कारखान्याची, चौथा आकडा वर्षाचा शेवटचा अंक, पाचवा-सहावा आठवडा. ५सीडी८२३ अशी सुरुवात असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा, म्हणजे जून. दहा वर्षांनी अंक पुन्हा येतो, पण २००८ चं मशीन बघूनच ओळखू येईल. यातून वय कळतं, मॉडेल नाही. मॉडेलसाठी स्टिकरवरचा प्रॉडक्ट नंबर घ्या. त्याच्या शेवटी हॅशनंतर तीन अक्षरं असतात: एसीजे म्हणजे भारत, एबीए म्हणजे अमेरिका, एबीयू म्हणजे ब्रिटन. एबीए दिसलं आणि दुकानदार "पुण्यातल्याच कंपनीचा लॉट आहे" असं सांगत असेल, तर बाकीच्या बोलण्यावरही जरा थांबून विश्वास ठेवा.

मॅकचा नंबर एकेकाळी सगळ्यांत बोलका होता. २०१० नंतरच्या बारा अक्षरी सिरियलमध्ये चौथं अक्षर अर्ध्या वर्षाचं: सी म्हणजे २०१० ची पहिली सहामाही, डी म्हणजे दुसरी, आणि स्वर व बी वगळून झेडपर्यंत वीस अक्षरांत २०१९ संपतं. शेवटची चार अक्षरं मॉडेलची. २०२१ पासून ॲपल नव्या मॉडेलना विस्कळित नंबर देऊ लागली, त्यातून डोळ्यांनी काही वाचता येत नाही. मॅकमध्ये खरा घोळ ए-नंबराने, म्हणजे खाली छापलेल्या ए ने सुरू होणाऱ्या मॉडेल नंबराने होतो. जाहिरातीत 'मॅकबुक एअर ए१४६६' एवढंच लिहितात, आणि हा एक नंबर २०१२ पासून २०१७ च्या मॉडेलपर्यंत चालला. मॅकओएसच्या आवृत्त्यांत त्यातलं २०१२ चं मॉडेल कॅटालिनावर थांबतं, २०१३ आणि २०१४ ची बिग सरवर, २०१५ आणि २०१७ ची माँटेरेवर. किंमत मात्र सगळ्यांची "एअर आहे, साहेब" म्हणून सांगतात. सिरियल ॲपलच्या कव्हरेज तपासायच्या पानावर टाका, नेमकं मॉडेल समोर येईल. शिवाय कंपनीने मॅक आपल्या व्यवस्थापनात नोंदवलेला असेल तर ती नोंद सिरियलशीच बांधलेली असते. डिस्क पुसली तरी सेटअपच्या वेळी कंपनीचं नाव पुन्हा येतं. त्यामुळे मॅक पूर्ण पुसून, वायफायला जोडून, सेटअप शेवटपर्यंत तुमच्यासमोर झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग घ्यायचा कुठला? पहिल्यांदाच, एकट्याने जाऊन घेत असाल तर थिंकपॅड. चार अक्षरांत फसवणूक उघडी पडते. हातात तासभर असेल, आत काय बदललंय हे खोदून बघायचं असेल तर डेल. एचपी चांगलं मिळालं तर जरूर घ्या, फक्त प्रॉडक्ट नंबर वाचल्याशिवाय नको. इंटेल प्रोसेसरचा जुना मॅक मी विद्यार्थ्याला सुचवत नाही, फार तर ज्याला मॅकच लागतो त्याने वरची सगळी तपासणी करून घ्यावा.

आणि बिलावर बायोसमधला नंबर लिहून घ्या, दुकानाच्या शिक्क्यासह. स्टिकरवरचा नाही, बायोसमधला. लिहून द्यायला कुणी कुरकुर करत असेल तर गल्लीत पुढचं दुकान दहा पावलांवर आहे.