नायट्रेटच्या पट्ट्या: रंग बरोबर, आकडा सांभाळून वाचा

पाण्यातलं नायट्रेट तपासायच्या या पट्ट्या तीन महिने वापरतोय म्हणून लिहितोय. वापरायला सोप्या आहेत, पट्टी पाण्यात बुडवायची, झटकायची, मिनिटभर थांबायचं आणि आलेला गुलाबी रंग डबीवरच्या तक्त्याशी ताडून बघायचा. फक्त दिवसाउजेडी बघा, मी पहिल्यांदा रात्री पिवळ्या बल्बखाली बघितलं आणि विहिरीचं पाणी पास करून टाकलं, सकाळी दुसरी पट्टी बुडवली तर चांगलीच गडद.

खरी गोची आकड्यात आहे. रीडिंग आलं २० च्या आसपास, डब्ल्यूएचओची मर्यादा ५० (दोन्ही आकडे लिटरमागे मिलिग्रॅम), म्हटलं चला, निवांत. पण ५० ही अख्ख्या नायट्रेटची मर्यादा आणि डबीवरचा आकडा नायट्रेटमधल्या नुसत्या नायट्रोजनचा, म्हणजे त्याला साधारण ४.४ ने गुणायचं, २० चे झाले की ८८! कंपनीने हे कुठे बारीक अक्षरात पण दिलं नाहीये, एक स्टार तिथेच गेला. कारण हा नुसता हिशोबाचा घोळ नाही ना, असं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात गेलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं. उकळून उपयोग नाही, पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच उरतं. साधा कार्बन फिल्टर पण बिनकामाचा, आरओ लागतो.

पाणी दिसायला काचेसारखं, वास नाही काही नाही. आणि हे आलं कुठून तर विहिरीच्या वरच्या रानातून, आणि ते रान माझंच 😅 युरियात ४६ टक्के नायट्रोजन, पिकाला बऱ्याचदा त्यातलं निम्मंच मिळतं, बाकीचं काही हवेत जातं आणि काही नायट्रेट होऊन खाली. मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, दोघांचाही चार्ज निगेटिव्ह, त्यामुळे पाणी झिरपलं की तेही निघालं. मोठा पाऊस झाल्यावर आठवड्याने बघितलं तर रंग अजून चढलेला. आता एकदम न टाकता तीन हप्त्यांत खत देतोय, पण जमिनीखालचं पाणी सुधारायला वर्षं लागतात म्हणे, तेव्हा रंग इतक्यात उतरेल असं वाटत नाही.

झाकण घट्ट बसत नाही, दमटपणाने शेवटच्या पाच-सहा पट्ट्या वापरायच्या आधीच गुलाबी झाल्या. तीन स्टार. खात्रीसाठी लॅबला पण पाणी दिलं, तिथे नायट्रेट ९१ आलं, म्हणजे पट्टी खोटं बोलत नव्हती, मीच चुकीचं वाचत होतो.