मोल्सवर्थचा कोश: घ्या, पण शिवण बघून

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश विकत घ्यावा का? घ्या. फक्त प्रत हातात धरून, मधोमध उघडून बघा. मी घरबसल्या मागवलेल्या पुनर्मुद्रणाची शिवण 'ल'पाशीच उसवली. जोडाक्षरांत शाई भरलीय, भिंगाशिवाय काही ओळी लागत नाहीत. हा दोष छापणाऱ्याचा, कोशाचा नव्हे.

'ल' जास्त उघडला जातो त्याला कारण आहे. मी मुद्रितं तपासते. हिंदीतून आलेल्या पर्यटनाच्या जाहिरातींत 'सागराच्या लहरी' हमखास असतात. चूक म्हणता येत नाही, पण कानाला समुद्राचा लहरीपणाच आधी ऐकू येतो. कोशात 'लहर' काढली की उलगडा होतो. मूळ संस्कृत 'लहरी', पहिला अर्थ पाण्याची लाट. मग अंगात चढत जाणाऱ्या विषाची लहर, आणि मग मनाची. आपण रोजच्या बोलण्यात शेवटचाच अर्थ धरून बसलो: आली लहर, केला कहर! पाणी गेलं 'लाटे'कडं. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र 'ध्वनिलहरी' आणि 'तरंगलांबी' एकाच पानावर सुखानं नांदतात.

'लाट' बघताना मला तर समुद्र आठवतच नाही. आम्ही कोल्हापूरकडचे, लाटा म्हणजे गुऱ्हाळात ऊस पिळणाऱ्या चरकाच्या. 'हात सांभाळ, लाटंत जाईल' हे पोरपणी ऐकलेलं. 'लाटसाहेब' मधला लाट आणखी निराळा, तो इंग्रजांचा लॉर्ड.

आता उणिवा. पहिली आवृत्ती 1831ची, आज मिळते ती 1857च्या दुसऱ्या आवृत्तीवरून. शब्द साठ हजारांच्या घरात, पण अर्थ त्या काळच्या इंग्रजीत; कधीकधी अर्थाचाच अर्थ शोधावा लागतो. 'उष्णतेची लाट' किंवा साथीची 'दुसरी लाट' यात शोधू नका. शब्द कुठल्या भाषेतून आला याची खूण मिळते, पण तो बदलत कसा गेला हे हवं असेल तर कृ. पां. कुलकर्णींचा 1946चा व्युत्पत्ति कोश शेजारी ठेवा.

नुसता एखादा शब्द बघायचा असेल तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा कोश फुकट आहे, पैसे घालवू नका. छापील प्रत त्यांच्यासाठी, ज्यांना 'लहर' बघायला जाऊन 'लळा', 'लव्हाळा' करत तासभर रेंगाळायला आवडतं. आणि घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात बाइंडिंगवाल्याकडं टाका. कापडी पाठ लावून घ्या, चिकटपट्टीच्या नादी लागू नका.