नऊ वर्षं बंद पडलेली मोटरसायकल : आठ महिने चालवल्यानंतर

आज सकाळी दुसऱ्या किकला सुरू झाली. हे आधीच सांगून टाकते, कारण जुनी गाडी बाहेर काढली म्हटलं की सगळे एवढंच विचारतात, "चालू झाली का?" झाली. पाचव्या दिवशीच झाली होती. त्यानंतर ती रस्त्यावर न्यायच्या लायकीची व्हायला दीड महिना गेला, आणि ती झाली असं मी ठरवल्यानंतरही तिने मला दोनदा खोटं पाडलं. आठ महिन्यांत ४,३०० किलोमीटर झालेत, त्यात काय टिकलं आणि काय नाही ते लिहिते आहे.

गाडी मामाची. गुडघे कुरकुरायला लागले तसं त्याने तिला शेडमध्ये डबल स्टँडवर लावलं, वर एक चादर टाकली, आणि पुढची नऊ वर्षं "एकदा बघायला हवी तिच्याकडे" असं म्हणत राहिला. १५० सीसी, एक सिलिंडर, कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग), पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. इंजेक्शनवाल्या गाडीचं पंप-इंजेक्टर प्रकरण वेगळं, ते मी केलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल इथे काही मिळणार नाही.

ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली तेव्हा तो उकिडवा बसून गाडीभोवती एकदा फिरला, इंजिनाकडे बघितलंही नाही, आणि म्हणाला, "ताई, लोखंडाचं टेन्शन घेऊ नका. रबर बघा." मी मान डोलावली आणि घरी येऊन लोखंडाच्याच मागे लागले.

इंजिनाबाबत एक शहाणपण मात्र मी केलं होतं. आल्या आल्या किक मारली नाही. इतकी वर्षं उभ्या गाडीच्या सिलिंडरमध्ये तेलाचा थर उरलेला नसतो, पिस्टनभोवतीच्या रिंग चिकटलेल्या असू शकतात, आणि जोर लावून किक मारली की भिंतीवर ओरखडे येतात, नाहीतर रिंगच मोडते. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि दोन दिवस हात लावला नाही. मग गाडी टॉप गिअरला टाकली आणि मागचं चाक हाताने फिरवायला घेतलं. टॉप गिअर अशासाठी, की चाकाच्या एका फेऱ्यात इंजिन सगळ्यात कमी फिरतं, म्हणजे हाताला सगळ्यात कमी जड जातं. चाक हललं नाही. थोडं पुढे, थोडं मागे, असं डोलवत राहिले. दहाएक मिनिटांनी आतून चिकटपट्टी सुटावी तसा बारीक आवाज आला आणि चाक बोटभर सरकलं. मग हातभर. मग प्लगच्या भोकातून फुस्स करून हवा आली आणि मी एकटीच शेडमध्ये मोठ्याने हसले.

जुनं ऑइल काढलं, नवीन टाकलं, २०० किलोमीटरला तेही काढलं. ते दुसऱ्यांदा काढलेलं ऑइल पाहिल्यावर पैसे वाया गेल्यासारखं वाटलं नाही, इतकं काळं होतं.

कार्बोरेटरने माझा अंत पाहिला. पहिल्यांदा आळस केला, बाहेरूनच क्लीनरचा फवारा मारला. गाडी चोकवर (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) सुरू झाली आणि चोक सोडला की मेली. पुन्हा चोक, पुन्हा चालू, पुन्हा मेली. ज्याला थोडंफार कळतं तो लगेच सांगेल, स्लो जेट, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल सोडणारं बारीक भोक, चोंदलाय. चोक ओढल्यावर मिश्रण दाट होतं म्हणून ती कशीबशी धुगधुगते, सोडला की उपाशी मरते. तेव्हा कार्बोरेटर उतरवून खालची वाटी उघडली. पेट्रोलचा वास गेलेला होता, त्या जागी जुन्या वॉर्निशचा उग्र वास. तळाला मधासारखा पिवळट-तपकिरी थर, बोटाला चिकटणारा. पेट्रोलमधला हलका भाग उडून गेला की मागे हेच उरतं. स्लो जेट उजेडासमोर धरला तर पलीकडचं काहीच दिसेना. साफ झालेल्या जेटमधून उजेडाचा टाचणीच्या टोकाएवढा गोल ठिपका दिसायला हवा. जेट पितळी असतो, सुईने कोरला तर भोक मोठं होतं आणि मग मिश्रणाचा हिशेब कायमचा बिघडतो, म्हणून वायरमधली तांब्याची एकच तार घेऊन हळूहळू मोकळा केला.

ठिपका दिसला. गाडी चोकशिवाय चालायला लागली, पण आयडलिंग, म्हणजे उभ्या उभ्या इंजिन चालणं, धड नाही. मध्येच आपोआप वर चढायचं, मध्येच पडायचं. दुसऱ्यांदा कार्बोरेटर उतरवला, आतल्या वाटा हवेने फुंकल्या. तेच. तिसऱ्यांदा उतरवला, वाटीतली पेट्रोलची पातळी सांभाळणारा फ्लोट बघितला, त्याची सुई बदलली. तेच! हे लिहितानाही लाज वाटते, पण दोष कार्बोरेटरमध्ये नव्हताच. तो आणि इंजिन यांना जोडणारं जे जाड रबरी नळकांडं असतं ते सरळ धरलं तर ठणठणीत दिसायचं, वाकवलं की खालच्या बाजूला केसासारख्या चिरा उघडायच्या. तिथून फुकटची हवा आत जात होती. गाडी चालू असताना त्या जोडावर थोडा क्लीनर फवारला आणि आवाज लगेच बदलला, तेव्हा कळलं. (इंजिन तापायच्या आधी करा आणि मोजून दोन थेंबांएवढाच फवारा, तो पेटतो.) नवीन नळकांडं बसवलं. त्या दिवसापासून आजतागायत आयडलिंग मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आसपास स्थिर आहे, आणि कार्बोरेटर चौथ्यांदा उघडावा लागलेला नाही.

टाकीत गंज होता. व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवली, मूठभर नट टाकून हलवली, मग सोड्याच्या पाण्याने धुतली. खरा खेळ त्यापुढे आहे : धुतलेली टाकी ओली राहिली तर तासाभरात पुन्हा तांबूस होते. ब्लोअरने वाळवली, थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवलं आणि लगेच काठोकाठ भरली. आतून कोटिंग मी केलं नाही. ते नीट बसलं नाही तर पापुद्रे सुटतात आणि कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) चोंदतो असं बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. त्याऐवजी पाइपमध्ये पारदर्शक फिल्टर टाकला. दुसऱ्या महिन्यात तो तपकिरी झाला, बदलला. पुढचा सहा महिने जवळजवळ स्वच्छ आहे. माझ्यापुरता हा निर्णय बरोबर ठरला. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही, एवढं पथ्य आहे. रिकाम्या टाकीत दमट हवा राहते, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर पाणी ओढूनच घेतं.

बॅटरी मेलेली होती, तिला जिवंत करायच्या फंदात पडले नाही. नवीन लावली, गाडी चालू ठेवून टर्मिनलवर मीटर धरला, १४ व्होल्टच्या जवळ दिसलं, विषय संपला. वायरिंगमध्ये मोडतोड नव्हती, पण जोडांवर हिरवी बुरशी धरल्यासारखं झालं होतं. एक संध्याकाळ पॉलिश पेपर घेऊन बसले. इंडिकेटर तेव्हापासून एकदाही रुसले नाहीत. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या, क्लच दाबून गिअर टाकला तर गाडी उडी मारायची. इंजिन गरम केलं, बंद केलं, गिअरमध्ये टाकून क्लच दाबून धरला आणि गाडी पुढे-मागे ढकलली, तशा सुटल्या. चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन्ही दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट, एकदमच बदलले. नुसती चेन बदलून काटकसर होत नाही, जुने दात नवीन चेनला खातात.

आता ब्रेक. हा भाग वाचलात आणि बाकीचं सोडलंत तरी चालेल.

पुढचा डिस्क ब्रेक उघडला तेव्हा ऑइल चहासारखं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं आणि त्याबरोबर त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा किमान आकडा कोरडा असताना २३० अंश सेल्सिअस आणि ओल धरल्यावर १५५ असतो, म्हणजे उतारावर सारखा ब्रेक दाबत आलात की आत वाफ होणार आणि लीव्हर नुसताच हँडलला टेकणार. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. इथे नऊ झाली होती. कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन काढला, साफ केला, सील नवीन, पॅड नवीन, ऑइल नवीन. मागच्या ड्रमचे शू बदलले, कारण जुन्यांचं अस्तर नखाने उचकटलं तर कडेने सुटत होतं. सगळं नवीन. फक्त ब्रेकचा होज, म्हणजे ऑइल नेणारी रबरी नळी, तेवढा जुना ठेवला. बाहेरून चीर नव्हती, गळत नव्हता. चालेल म्हटलं.

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी गाडी जड चालायला लागली. पिकअप नाही, काहीतरी मागे ओढतंय. आधी वाटलं पुन्हा कार्बोरेटर. बाजूला घेतली तर पुढच्या चाकातून जळका वास, आणि डिस्कजवळ हात नेला तर इस्त्रीसारखी धग. ब्रेक लागला होता आणि सुटत नव्हता. जुना होज आतून फुगतो. लीव्हर दाबला की त्या जोरावर ऑइल पुढे जातं, पण लीव्हर सोडल्यावर परत यायला जोर नसतो, आणि फुगलेलं रबर त्याची वाट अडवतं. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर सुटला आणि ताशी वीसच्या वेगाने, पुढचा ब्रेक न वापरता घरी आले. चाक भर वेगात जाम झालं असतं तर काय, याचा विचार त्या रात्री खूप वेळ केला. होज, पॅड, ऑइल पुन्हा सगळं बदललं. मेकॅनिकला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता हसला. बोलला असता तर बरं झालं असतं.

टायरचंही तसंच. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून तीन आठवडे त्याच टायरांवर हिंडले. टायरच्या कडेवर DOT या अक्षरांनंतर जो क्रमांक असतो त्याचे शेवटचे चार आकडे वाचा : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ०८१३ असेल तर २०१३ सालचा आठवा आठवडा. माझ्यावरचे आकडे मी वाचले होते आणि तरीही नक्षीकडे बघत राहिले. मग पहिल्या पावसाच्या शिंतोड्यात एका साध्या वळणावर मागचं चाक साबणावरून गेल्यासारखं सरकलं. पडले नाही, पाय टेकून निभावलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही टायर, दोन्ही ट्यूब. नवीन टायरवरची ती पहिली फेरी मला गाडी चालू झाल्याच्या दिवसापेक्षा जास्त आठवते. गाडी वळणात आपणहून झुकत होती, तिला ढकलावं लागत नव्हतं.

चौथ्या महिन्यात पुढच्या चाकाच्या डाव्या फोर्कच्या (शॉक अब्सॉर्बरच्या) नळीवर तेलाची वर्तुळं दिसायला लागली. सील वाळून कडक झालेलं. बदलताना नळीच्या क्रोमवर बोट फिरवलं तर गंजाचा एक बारीक खरखरीत ठिपका लागला, तो घासून गुळगुळीत केला, नाहीतर नवीन सीलही त्याने फाडलं असतं. उजव्या बाजूचंही तेव्हाच करून टाकलं. आता कुठे शिकले होते.

तक्रारी उरल्यात. सकाळी सुरू केली की पहिल्यांदा निळसर धुराचा एक भपका येतो, मग काही नाही. व्हॉल्व्हचे सील कडक झालेत, रात्रभरात थोडं ऑइल खाली झिरपतं. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडावं लागेल. महिन्याला किती ऑइल कमी होतं ते मोजते आहे, अजून तरी टॉप-अपची वेळ आलेली नाही, म्हणून थांबले आहे. अ‍ॅव्हरेज सुरुवातीला लिटरला ३८ होतं, आता ४५ मिळतं. सीट टोचते, पण ती नवीन असतानाही टोचायची असं मामा म्हणतो.

कुणी विचारलं की परवडलं का, तर त्या पैशात बरी अवस्था असलेली वापरलेली गाडी मिळाली असती, हे खरं आहे. विमा आणि नोंदणी यांची स्थिती पाना हातात घेण्याआधी बघा, मी नंतर बघितली आणि नशिबाने निभावलं. रोजच्या कामाला उद्यापासूनच गाडी हवी असेल तर यात पडू नका. वेळ असेल आणि ती गाडी कुणाची तरी असेल, तर पडा. मामाला मागे बसवून पहिल्यांदा नेलं तेव्हा तो सगळा वेळ तिसरा गिअर टाक, तिसरा टाक म्हणत होता.

परवा पेट्रोल कॉकच्या खालून हात फिरवला तर बोटाला ओल लागली. वास घेतला, पेट्रोलच. आतला वॉशर रबरी असतो. मागवलाय, येईपर्यंत रात्री गाडी बाहेर उघड्यावर आणि कॉक बंद.