जुना फिल्टर मागून घेतला, तरीही फसलो

जुना पार्ट परत मागून घेतला की मेकॅनिक आपल्याला फसवू शकत नाही, ही माझी वर्षानुवर्षांची समजूत. मागच्या महिन्यात ती 1,380 रुपयांना पडली.

गाडी पिकअप घेईना म्हणून बायपासजवळच्या एका गॅरेजात नेली. मी चहा घेऊन येतो तोवर तिथल्या पोराने काळाकुट्ट एअर फिल्टर माझ्या नाकासमोर झटकला. "देख लो भिया, इंजन की तो सांस ही बंद है!" मेट्रोच्या खोदकामाने इंदुरात धूळ आहेच, त्यामुळे पटलंही. फिल्टरचे 780, 'क्लीनिंग'चे 450, मजुरी 150. जुना फिल्टर मागितला तेव्हा तो जरा चाचरला होता, हे आता आठवतंय. मी मात्र तो पेपरात गुंडाळून ऐटीत लोकमान्यनगरला घेऊन आलो.

रविवारी भाचा पोहे खायला आला. फिल्टर पाहून म्हणाला, "मामा, दिवाळीत मीच नवा घातला होता की!" (मी तेव्हा चकलीत गुंतलो असणार.) खाली जाऊन त्याने एअर बॉक्सच्या क्लिपा सोडल्या. आत त्याचाच फिल्टर, कडेवर त्याने मार्करने लिहिलेली तारीख आणि किलोमीटर. कागदाच्या घड्या जराशा करड्या झालेल्या, बस. मी आणलेला 'जुना' बॉक्सवर धरून पाहिला, तर चांगला दोन बोटं लांब! दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. दिवसाकाठी किती जणांच्या नाकासमोर झटकला जात असेल, देव जाणे.

त्यात एक क्लिप अर्धवटच लावलेली. पैसे गेले ते गेले, पण त्या फटीतून न गाळलेली धूळ थेट इंजिनात गेली असती.

आमच्या गाडीच्या पुस्तिकेत फिल्टर 40,000 किलोमीटरला बदलायला सांगितलाय. धुळीच्या रस्त्यांवर त्याआधी, पण दिवाळीपासून झालेल्या 6,000 ला नक्कीच नाही. काम दहा मिनिटांचं: क्लिपा सोडा, जुना काढा, बॉक्स ओल्या फडक्याने पुसा, नव्याची रबरी कड खाचेत नीट बसवा. गॅरेजातच करायचं असेल तर बॉक्स तुमच्यासमोर उघडायला लावा, आणि दाखवलेला फिल्टर त्याच बॉक्सात बसतो का ते बघा. चहा नंतर.

गॅरेजवाला "गलतफहमी हो गई" म्हणत 500 परत द्यायला तयार झाला, त्यापुढे हलेना. पिकअपचा दोष शेवटी स्पार्क प्लगचा निघाला.

तो लांबडा फिल्टर अजून डिकीत आहे. बायको टाकून द्या म्हणते. 880 रुपये मोजलेत त्याचे, एवढ्यात कसा टाकू?