आमदार काय म्हणतात, हे कुठे पाहावे? त्यांचे फेसबुक पान की विधिमंडळाचा कागद

आपल्या भागातल्या प्रश्नांवर आणि येऊ घातलेल्या कायद्यांवर आपल्या आमदाराचे मत काय, हे मतदानाआधी समजून घ्यायचे असेल तर ढोबळमानाने दोन वाटा आहेत. आमदार स्वतः सांगतात ती पहिली: फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या क्लिपा, व्हॉट्सॲपवर फिरणारी पोस्टर्स आणि अधूनमधून घरोघरी पडणारा गुळगुळीत कार्य अहवाल. दुसरी विधिमंडळाच्या दप्तरातली: प्रश्नोत्तरांच्या याद्या, सभागृहाचे थेट प्रक्षेपण, कार्यवाही, विधेयकांचे मसुदे. मी दोन्ही वापरून पाहिल्या आणि आता एकीवर स्थिरावलो आहे. तरी दुसरीला अगदीच मोडीत काढणार नाही. ज्याच्याकडे जेवढा वेळ, त्याने तसे ठरवावे.

आधी पानाची बाजू. तिथे सगळे ताजे मिळते. पूल वाहून गेला तर संध्याकाळपर्यंत आमदार गुडघाभर पाण्यात उभे असलेला फोटो येतो, सोबत कोणत्या अधिकाऱ्याला फोन केला तेही. भाषा आपली असते. कमेंटमध्ये लोक काय बोलतात तेही वाचायला मिळते, आणि खरे सांगायचे तर पोस्टपेक्षा कमेंट जास्त शिकवतात. नळाला पाणी किती दिवसांआड येते, हे कुठल्याही अहवालापेक्षा तिथे लवकर कळते. आमदाराला कोणत्या गोष्टीचे श्रेय हवेसे वाटते, हेही पानावर स्वच्छ दिसते. हीसुद्धा एक प्रकारे मतांचीच माहिती झाली.

कार्य अहवाल मात्र मतांचा नसतो, कामांचा असतो. २०२२ पासून आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी रुपये आहे. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, स्मशानभूमीची शेड, व्यायामशाळा असा तो खर्च होतो आणि फोटोंसह अहवालात येतो. त्यात वावगे काही नाही. पण अहवाल कितीही उलटापालटा केला तरी भाडेकरूंच्या कायद्यावर, बाजार समित्यांवर, शाळांच्या समायोजनावर साहेबांना काय वाटते याची एक ओळ सापडत नाही. शेवटच्या पानावर ‘पाठपुरावा सुरू आहे’ अशी एक यादी असते. ही यादी वर्षानुवर्षे तीच राहते, फक्त मुखपृष्ठावरचा फोटो बदलतो.

कायद्यांच्या बाबतीत पानाची आणखी एक अडचण आहे. तिथे पोस्ट पडते ती कायदा मंजूर झाल्याच्या दिवशी. पुढे त्याचे काय झाले, याची पोस्ट पडत नाही. शक्ती विधेयक आठवत असेल. महिलांवरच्या अत्याचारांना कठोर शिक्षा देण्यासाठीचे ते विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. त्या दिवशी सर्वपक्षीय आमदारांच्या पानांवर अभिनंदनाचा पूर आला होता. राष्ट्रपतींची संमती काही त्याला मिळाली नाही आणि ते अमलात आले नाही. पोस्ट अजून तिथेच आहेत. कुणी आज शोधायला गेला तर त्याला वाटेल, कायदा लागू आहे.

पण एवढ्यावर मी पान सोडले नसते. मला कंटाळा आला तो एकाच गोष्टीचा: क्लिप नेमकी कुठे कापतात त्याचा.

आमच्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असल्याची ओरड जुनी आहे. एका अधिवेशनात आमच्या आमदारांनी तो विषय सभागृहात काढला आणि रात्री क्लिप आली. ‘अध्यक्ष महोदय, माझ्या तालुक्यातल्या गोरगरीब जनतेने जायचे कुठे?’ आवाज चढलेला, मागे ढोल-ताशा मिसळलेला, वर ठळक अक्षरांत ‘सभागृहात गरजला तालुक्याचा वाघ’. आमदार खाली बसतात, बाके वाजतात, मंत्री उत्तराला उभे राहतात, त्यांचा हात माइककडे जातो आणि क्लिप संपते. पुढे आमदारांचे बोधचिन्ह गोल फिरत येते.

मला आमदारांचा प्रश्न माहीत होता. तालुक्यात तो शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला हवे होते उत्तर.

ते मिळाले विधिमंडळाच्या तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नोत्तरांच्या यादीत. ज्यांनी ही यादी पाहिली आहे त्यांना तिचा साचा ठाऊक असेल. ‘सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग अमुक पदे रिक्त आहेत हे खरे आहे काय, असल्यास कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. खाली मंत्र्यांचे छापील उत्तर: हे अंशतः खरे आहे, पदे कंत्राटी पद्धतीने भरण्याची कार्यवाही सुरू आहे, विलंबाच्या कारणांचा प्रश्न उद्भवत नाही. तीन ओळी, पण त्यांतून मला जे कळले ते क्लिप दहा वेळा पाहून कळले नसते. जागा रिकाम्या आहेत हे सरकारने मान्य केले, कायम डॉक्टर येणार नाहीत हेही सांगितले, आणि उशीर झाला हे मात्र नाकारले.

मग थेट प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग काढून बसलो. आमच्या आमदारांचा उपप्रश्न, म्हणजे मंत्र्यांच्या उत्तरावर विचारायचा पुरवणी प्रश्न, हे भाषणच होते, त्यात विचारलेले असे काही नव्हते. त्यांच्यानंतर शेजारच्या तालुक्याचे आमदार उठले. गृहस्थ बोलायला अगदी साधे, आमच्याकडे त्यांना कुणी वक्ता म्हणणार नाही. त्यांनी एवढेच विचारले की जाहिरात कधी काढणार, तारीख सांगा. मंत्र्यांना तीन महिने म्हणावे लागले. सभागृहात मंत्र्याने दिलेला असा शब्द आश्वासन म्हणून धरला जातो आणि त्याचा माग ठेवायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. म्हणजे तालुक्याच्या पदरात जे काही पडले ते या शेवटच्या मिनिटात पडले, आणि तेच क्लिपमध्ये नव्हते. त्यानंतर मी आमच्या आमदारांच्या बऱ्याच क्लिपा मुद्दाम ताडून पाहिल्या. माझ्या पाहण्यात तरी मंत्र्यांचे उत्तर ठेवलेली क्लिप जवळजवळ नाहीच. कुणी म्हणेल, क्लिप छोटी ठेवावी लागते. असेल. पण कात्री दर वेळी त्याच जागी कशी चालते?

आता कागदाच्या वाटेचे दोष, कारण तेही कमी नाहीत. भाषा मंत्रालयाची. पीडीएफमध्ये शब्द शोधायला गेलो तर माझ्या मोबाइलवर बहुतेक वेळा सापडत नाही, डोळ्यांनी चाळावे लागते. थेट प्रक्षेपण तर संयमाची परीक्षा आहे. गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून जातो, तहकुबीवर तहकुबी होते, आणि आपण ज्या लक्षवेधीसाठी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेसाठी, बसलो ती रात्री उशिरा उरकते. नागपूरचे हिवाळी अधिवेशन तर धड दोन आठवडे चालले तरी पुष्कळ.

प्रश्नांची संख्या मोजून आमदाराला गुण देण्याचा मोह होतो, तोही टाळलेला बरा. एकेका तारांकित प्रश्नाच्या डोक्यावर दहा-पंधरा सदस्यांची नावे असतात. त्यातल्या किती जणांनी तो वाचला असेल कोण जाणे. मी पहिले नाव कुणाचे ते पाहतो, आणि प्रश्न पुकारल्यावर तो सदस्य सभागृहात होता का तेही. त्याहून बोलकी असते नियम १०५ खालची लक्षवेधी, कारण तिथे विषय निवडावा लागतो. नियम २९३ खाली एखाद्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर होणारी चर्चा लांबते खरी, पण शेती, पाणी, कायदा-सुव्यवस्था यांवर आमदाराची स्वतःची मांडणी असेल तर ती तिथे दिसते. नसेल तर तेही दिसते. शुक्रवारच्या अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या, कामकाजाकडे पत्रकारसुद्धा फिरकत नाहीत, पण आमदाराच्या मनात कोणता कायदा आहे हे पाहायचे तर त्याने मांडलेले अशासकीय विधेयक वाचावे. ते मंजूर होण्याची शक्यता जवळपास नसते, म्हणून तर माणूस मनातले लिहितो.

सरकारी विधेयकांवर मात्र दोन्ही वाटा थोड्या तोकड्या पडतात. पक्षादेश असतो, त्याविरुद्ध मत दिले तर आमदारकी जाऊ शकते. शिवाय बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष ‘होय’ म्हणणाऱ्यांचा आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांचा आवाज ऐकून निर्णय जाहीर करतात. कुणी मतविभागणी मागितली नाही तर कोणत्या आमदाराने काय म्हटले याची नावानिशी नोंद राहत नाही. नक्षलवादाशी जोडलेल्या बेकायदा संघटनांवर कारवाईसाठी आणलेल्या विशेष जन सुरक्षा विधेयकाचे असेच झाले. जुलै २०२४ मध्ये ते आले, डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे गेले, त्यावर बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानाने मंजूर झाले.

त्या काळात पानांवर दोनच सूर होते. सत्ताधाऱ्यांकडे ‘शहरी नक्षलवादाला चाप’, विरोधकांकडे ‘आवाज दाबणारा कायदा’. दोन्हीकडच्या पोस्टरांत कलमाचा आकडा शोधून सापडत नव्हता. कागदावर गेल्यावर निदान हे कळले की समितीनंतर विधेयकाच्या उद्देशात ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या’ संघटनांचा उल्लेख आला आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. हे बदल पुरेसे होते की नाही, यावर आमच्या कट्ट्यावर अजून भांडणे होतात. ती व्हावीत. पण भांडायला काही हातात तरी आले. आपला आमदार चर्चेत बोलला का, बोलला तर कोणत्या कलमावर, समितीत असेल तर त्याने भिन्नमत नोंदवले का, हे तीन प्रश्न मी आता प्रत्येक मोठ्या विधेयकाला लावतो. त्यांची उत्तरे पानावर मिळत नाहीत.

स्थानिक वृत्तपत्रांचे काय, असे कुणी विचारेल. अधिवेशनाच्या दिवसांत जिल्हा पुरवणीत ‘आमदारांनी वेधले लक्ष’ अशा बातम्या येतात, पण त्यातल्या पुष्कळ स्वीय सहायकाच्या प्रसिद्धीपत्रकावरून उचललेल्या असतात. क्लिपचीच छापील आवृत्ती. अपवाद आहेत, आणि तसा वार्ताहर तुमच्या गावात असेल तर त्याचे वाचाच. थेट कार्यालयात जाऊन विचारण्याचा मार्गही आहे, पण तिथे दाखले, बदल्या आणि दवाखान्याची बिले घेऊन आलेल्यांची रांग असते. त्यांच्या मध्ये उभे राहून ‘साहेब, या विधेयकावर आपले मत?’ असे विचारणे मला तरी जमले नाही.

एका बाबतीत मात्र पानच पाहावे लागेल. तुमचा आमदार मंत्री असेल तर तो सभागृहात तुमच्या तालुक्याचा प्रश्न विचारताना दिसणार नाही, कारण मंत्री उत्तर द्यायच्या बाजूला बसतो. विधानसभेच्या २८८ सदस्यांच्या हिशेबाने मुख्यमंत्र्यांसह ४३ जणांचे मंत्रिमंडळ होऊ शकते, म्हणजे असे मतदारसंघ अगदी थोडे नाहीत. अध्यक्षांचेही तसेच. अशांच्या बाबतीत त्यांच्या खात्याची उत्तरे वाचावीत आणि तालुक्यासाठी त्यांच्या पानावर भागवावे.

बाकीच्यांनी, रोज पाच मिनिटेच असतील तर पान पाहायला हरकत नाही, करमणूकही होते. पण वर्षाच्या तीन अधिवेशनांनंतर एकेक संध्याकाळ काढता येत असेल तर मी यादीच उघडा म्हणेन. उघडल्यावर आधी तालुक्याचे नाव शोधा, आमदाराचे नंतर. तुमच्या रस्त्याचा, धरणाचा, रुग्णालयाचा प्रश्न भलत्याच मतदारसंघातल्या माणसाने लावून धरलेला सापडू शकतो. सापडलाच तर त्या आमदाराला दोन ओळींचे पत्र टाका आणि त्याची प्रत आपल्या आमदाराच्या कार्यालयात द्या, पोच घेऊन.