मीठ की मॅग्नेशियम? आरएनएची घडी बसवायला कोणती बाटली काढावी

"मामा, प्रोजेक्टमधल्या आरएनएची घडी किती तापमानाला उकलते ते मोजायचंय, पण मशीनवर एकच सेट होईल एवढाच वेळ मिळालाय. द्रावणात सोडियम घेऊ की मॅग्नेशियम?" भाचीचा फोन आला तेव्हा मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मित्राच्या डाईंगमध्ये उभा होतो. कामगाराने नुकतीच मिठाची गोणी टाकीत रिकामी केली होती. म्हटलं, तुझं निम्मं उत्तर इथं माझ्यासमोर विरघळतंय.

सुती धाग्यावर पाण्यात ऋण भार येतो. रिॲक्टिव्ह रंगाचे रेणूही ऋणच. दोघं एकमेकांना लांब ढकलतात. मीठ पडलं की सोडियमची गर्दी मध्ये शिरते, भार झाकला जातो आणि रंग धाग्यापर्यंत पोचतो. आरएनएत हेच भांडण घरातल्या घरात चालतं. आरएनए म्हणजे न्यूक्लिओटाइड नावाच्या मण्यांची साखळी. दर न्यूक्लिओटाइडमागे एक फॉस्फेट आणि फॉस्फेटवर एक ऋण भार. 76 न्यूक्लिओटाइडांच्या टीआरएनएला, म्हणजे प्रथिनं बनवताना अमिनो आम्लं वाहून आणणाऱ्या छोट्या आरएनएला, दुमडून आटोपशीर व्हायचं, तर हे सगळे भार एकमेकांच्या उरावर येतात. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ते जमणं कठीण. क्षार किती, त्यावर हे भार एकमेकांना किती लांबून जाणवतात ते ठरतं. साध्या मिठाच्या 10 मिलिमोलर द्रावणात ते अंतर साधारण 3 नॅनोमीटर असतं, 100 मिलिमोलरला 1 आणि 1 मोलरला 0.3. आरएनएच्या दुहेरी पिळाची जाडी दोनएक नॅनोमीटर, म्हणजे सगळा खेळ याच पट्ट्यात.

आता वजनकाट्यावर या. एक मोलर मीठ म्हणजे लिटरला 58 ग्रॅम. गडद रंगाच्या टाकीत डाईंगवाले लिटरमागे साधारण एवढंच सोडतात, हा योगायोग मला फार आवडतो. मॅग्नेशियम क्लोराइड 10 मिलिमोलर म्हणजे लिटरला फक्त 2 ग्रॅम (पाणी धरलेले खडे, म्हणजे हेक्साहायड्रेट, घेतले तर). आणि साध्या हेअरपिनला, म्हणजे स्वतःवरच मुडपलेल्या छोट्या दुहेरी तुकड्याला, शरीरात असतो तेवढ्या सोडियम-पोटॅशियमच्या क्षारात घातलेले हे 2 ग्रॅम जवळपास त्या 58 ग्रॅमइतकाच आधार देतात. मॅग्नेशियमवर दोन धन भार असतात. एक मॅग्नेशियम आला की आरएनएभोवती अडकलेले दोन सोडियम मोकळे होतात, आणि हा सौदा निसर्गाला स्वस्त पडतो.

मग सरळ मॅग्नेशियमच का घेऊ नये? इथं घडी कुठली, ते विचारायला हवं.

हेअरपिनपुरता प्रश्न असेल तर माझा कौल मिठाला. कारण साधं आहे. आरएनएच्या जोड्यांच्या ऊर्जेचे जे आकडे सगळे वापरतात, ते 1 मोलर सोडियम क्लोराइडमध्ये मोजलेले आहेत. आरएनएफोल्डसारखं घडीचा अंदाज बांधणारं संगणकावरचं साधन डीफॉल्टला 37 अंश आणि तेच मीठ धरून उत्तर देतं. अलीकडच्या आवृत्त्यांत सोडियम कमी-जास्त करता येतं, मॅग्नेशियम नाही. म्हणजे मिठात मोजलेला वितळबिंदू, घडी उकलते ते तापमान, भाचीला स्क्रीनवरच्या आकड्याशेजारी ठेवता येईल. एकच सेट मिळणार असेल तर ही सोय मोठी. तरी 1 मोलर म्हणजे पेशी नव्हे, हे प्रोजेक्टमध्ये स्पष्ट लिहावं. पेशीत सोडियम थोडंच. पोटॅशियम 140 मिलिमोलरच्या आसपास आणि मोकळं मॅग्नेशियम अर्धा ते एक मिलिमोलर.

पण हेअरपिन एकमेकांना बिलगून त्रिमितीत गाठ बसणार असेल, तर नुसत्या मिठाच्या भरवशावर राहू नये. बिघडून चुकीच्या आकारात अडकलेला टीआरएनए मॅग्नेशियम मिळाल्यावर मूळ घडीत परततो, हे लिंडाल, ॲडम्स आणि फ्रेस्को यांनी 1966 मध्ये दाखवलं. (यातल्याच लिंडाल यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं, तेही डीएनएच्या दुरुस्तीसाठी.) टेट्राहायमेना या एकपेशीय जिवाच्या रायबोझाइमचा, म्हणजे एन्झाइमसारखं काम करणाऱ्या आरएनएचा, पी4-पी6 हा 160 न्यूक्लिओटाइडांचा तुकडा घ्या. मॅग्नेशियम 1 मिलिमोलरच्या आसपास गेलं की तो मधोमध वाकून मिटतो. 1996 मध्ये त्याची स्फटिकरचना आली, तेव्हा आत मॅग्नेशियम ठरलेल्या जागी बसलेले दिसले. बहुतेक मॅग्नेशियम अंगाभोवतीचे पाण्याचे सहा रेणू सोडतच नाहीत, पाण्यातूनच फॉस्फेटला धरतात. काही मात्र पाणी सोडून थेट खाचेत बसतात. सोडियमची गर्दी भार झाकते, पण अशी नेमकी जागा धरणं तिला सहसा जमत नाही. अपवाद आहेत. हॅमरहेड रायबोझाइम मॅग्नेशियमशिवायही चालतं, पण त्याला कित्येक मोलर साधा क्षार पाजावा लागतो.

जास्त मॅग्नेशियम म्हणजे जास्त चांगली घडी, असंही नाही. भरपूर घातलं तर चुकीची घडीसुद्धा तितकीच घट्ट बसते आणि मग ती उकलता उकलत नाही. 2 ते 5 मिलिमोलरपासून सुरुवात करावी.

खर्च दोन्हींचा किरकोळ, त्यावरून ठरवू नका. सांभाळायला मात्र मॅग्नेशियम क्लोराइड कटकटीचं. बाटली उघडी राहिली की हवेतलं पाणी ओढतं, खडे ओले होतात आणि वजन खोटं पडतं. बाटलीवर हेक्साहायड्रेट लिहिलंय का बघा. त्याचा रेणुभार 203, कोरड्याचा 95. हिशेबात गल्लत झाली की द्रावण दुप्पट तरी होतं, नाहीतर निम्म्यावर येतं.

आणि उष्णता. विद्यार्थी असताना मी आरएनए मॅग्नेशियमसकट 95 अंशांवर पाच मिनिटं ठेवला. घडी मोडून नव्याने बसवू म्हटलं. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर पट्टी आलीच नाही, वरपासून खालपर्यंत नुसता धुरळा. तापवल्यावर मॅग्नेशियम आरएनएची साखळी तोडायला मदत करतं, आणि बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, अल्कधर्मी असेल तर आणखी जोरात. तेव्हापासून आधी बिनमॅग्नेशियमच्या बफरमध्ये तापवायचं, थंड होऊ द्यायचं आणि मगच मॅग्नेशियम सोडायचं, ही सवय लागली. वितळबिंदूच्या प्रयोगात तर तापमान चढवावंच लागतं, त्यामुळे तिथं मीठ पुन्हा उजवं ठरतं.

सोलापूरच्या मे महिन्यात याला एक शेपूट आहे. ट्रिस बफरचा पीएच दर अंशाला साधारण 0.03 ने उतरतो. 25 अंशांवर 8 लावलेला पीएच एसी बंद पडलेल्या 41 अंशांच्या खोलीत साडेसातवर येतो, आणि वितळवताना 90 अंशांपर्यंत नेला तर सहाच्या घरात. मिठासोबत फॉस्फेट बफर घेतला की ही अडचण जवळजवळ मिटते. मॅग्नेशियमसोबत मात्र फॉस्फेटचा साका बसू शकतो.

पोटॅशियमबद्दल एवढंच, की साध्या हेअरपिनला सोडियम काय नि पोटॅशियम काय, फारसा फरक नाही. मात्र ग्वानीनची रांग असलेला, चौपदरी घडी घालणारा आरएनए असेल तर पोटॅशियमच हवं. सोडियममध्ये ती घडी बरीच सैल बसते.

"तुझा तुकडा कसला आहे?" मी विचारलं.

"चोवीस न्यूक्लिओटाइडांचा हेअरपिन."

"मग मीठ. आणि बफरच्या बाटलीवर काय लिहिलंय, वाच बघू."

"टीई."

टीई म्हणजे ट्रिस आणि ईडीटीए. त्यात 1 मिलिमोलर ईडीटीए असतं, आणि ते मॅग्नेशियमला एकास एक पकडून ठेवतं. बोअरच्या जड पाण्यावर डाईंगवालेही हेच औषध घालतात. तिने 1 मिलिमोलर मॅग्नेशियम त्यात टाकलं असतं, तर आरएनएच्या वाट्याला जवळपास काहीच उरलं नसतं.