पाव फेरा

मागच्या जानेवारीत सांगलीतल्या एका शेती प्रदर्शनात मी कलमाचे घडीचे सहा चाकू घेतले. एक नग १,४५० रुपये, सहाचे ८,७०० झाले. आज त्यातला एकही कलमाला हात लावायच्या लायकीचा नाही. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण जास्त लागलं ते हे, की चाकू मी डोळे झाकून घेतले नव्हते. चांगले तपासून घेतले होते, आणि तपासूनही फसलो.

आमची बाग तासगाव तालुक्यात. नव्या दीड एकरात डॉगरिज जातीचे खुंट, म्हणजे कलमाखालची मुळाची झाडं, लावायचे आणि ऑगस्टअखेर त्यावर कलम करायचं, असा बेत होता. द्राक्षाचं पाचर कलम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना सांगायला नको. हव्या त्या द्राक्षाच्या काडीला दोन्ही बाजूंनी तास, म्हणजे तिरका काप, देऊन पाचर करायची, खुंटाला मधोमध चीर द्यायची, पाचर आत बसवून प्लास्टिकच्या पट्टीनं आवळायची. तास सरळ, एका दमात गेला पाहिजे. पातं जरा जरी डुललं तर तासाला पोट येतं, काडी आणि खुंट यांच्यात फट राहते, आणि आठ-दहा दिवसांत काडी वाळून जाते.

घडीच्या चाकूत पातं डुलतं का ते कसं बघायचं, हे मला आजोबांच्या चाकूनं शिकवलं. तो इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, दोन पात्यांचा, हाडाच्या मुठीचा. रिव्हेट सैल झालं की आजोबा ऐरणीवर ठेवून हातोडीच्या दोन हलक्या टिचक्या मारायचे आणि पुन्हा वर्षभर बघायचे नाहीत. तर स्टॉलवर मी तेच केलं. चाकू उघडला, मूठ मुठीत घट्ट धरली, पात्याचं टोक दोन बोटांत पकडून डावीकडे-उजवीकडे हलवलं. मग वर-खाली. जराही प्ले नाही, जणू एकाच लोखंडातून कापून काढलेला. उघडायला मात्र जड होता, अंगठा लाल झाला. स्टॉलवाला म्हणाला, "नवीन आहे साहेब. महिनाभर वापरा, लोण्यासारखा फिरेल."

इथेच मी गेलो. कारण त्याचं वाक्य अर्धं खरं होतं. चांगल्या चाकूत पात्याच्या दोन्ही बाजूंना बऱ्याचदा ब्राँझचे वॉशर असतात. ते वापरानं गुळगुळीत होतात आणि चाकू हलका फिरायला लागतो. पण तो हलका होतो, ढिला होत नाही. हा फरक मला तेव्हा सुचला नाही. पात्यावर "जर्मन टेक्नॉलॉजी" कोरलेलं होतं, त्यालाही भुललो. जर्मनीत सोलिंगन हे चाकू-कात्र्यांचं गाव आहे आणि १९३८ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, बाहेर बनलेल्या मालावर ते लावता येत नाही. "जर्मन टेक्नॉलॉजी" मात्र कुणीही, कुठंही, कशावरही कोरावं. उद्या माझ्या खुरप्यावरही कोरता येईल.

सहा महिन्यांची गॅरंटी, असं तो म्हणाला होता. जानेवारीत कलमाचा चाकू विकायचा आणि सहा महिन्यांची गॅरंटी द्यायची. ज्याला द्राक्षबाग कळते तो हे वाचून हसला असेल. चाकू ऑगस्टपर्यंत कपाटात पडून. गॅरंटी कपाटातच संपली.

कलमाला नानांची टोळी आली. नानांनी माझा चाकू एकदा उघडून, एकदा मिटून परत दिला आणि खिशातला आपला काढला. काही बोलले नाहीत. त्यांच्यातल्या दोन नव्या पोरांनी माझे घेतले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ठीक. संध्याकाळी पातं आडवं हलायला लागलं. मी ॲलन की घेऊन पातं ज्यावर फिरतं तो स्क्रू पाव फेरा आवळला, तर चाकू उघडेना. पाव फेरा सोडला तर लटलट. मधे कुठं थांबावं तर तशी जागाच नाही. चौथ्या दिवशी एका पोराच्या हातात पातं आपोआप मिटलं आणि तर्जनीला तीन टाके पडले. त्यानंतर सगळे चाकू गोळा करून पिशवीत घातले. त्या दोघांच्या ओळींत नांग्या, म्हणजे कलम न जगलेल्या मोकळ्या जागा, जास्त पडल्या. सगळा दोष चाकूला देत नाही, एक पोरगं पहिल्यांदाच कलम करत होतं. पण काढलेल्या काड्या मी बघितल्या, तासाला पोट होतं.

स्टॉलवाल्याला फोन लागला, हे विशेष. गॅरंटी संपली आहे, पण सर्व्हिस करून देतो, नगाला दोनशे, कुरिअर तुमचं, असं उत्तर आलं. मी दोन पाठवले. हो, पाठवले. चारशे रुपये आणि कुरिअर वर. दहा दिवसांनी परत आले तेव्हा पुन्हा तसेच घट्ट, तसेच जड. एक दिवस मला वाटलंही, की माणूस बरा दिसतो. चार दिवसांत मूळपदावर.

मग मी मिरजेला गेलो. मिरजेच्या सतारी जगात जातात, पण त्या करणाऱ्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार-पाणी करणारे. त्या गल्लीजवळ एक म्हातारे चाचा अजून कात्र्या-सुऱ्यांचं काम करतात. त्यांनी चाकू कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यो चाकू न्हाई, खुळखुळा हाय."

स्क्रू उघडताना कटकट आवाज आला, कारण आट्यांत झटपट चिकटणारा गोंद ओतला होता. आत ग्रीस इतकं दाट, की चाचांनी काडीनं खरवडून काढलं. पातं हलत नव्हतं ते या ग्रीसमुळं आणि मरणाच्या आवळलेल्या स्क्रूमुळं. वॉशर होते, दुधाच्या पिशवीसारख्या पातळ प्लास्टिकचे, दाबून चपटे होऊन बाहेर आलेले. प्लास्टिकचे म्हणून वाईट असं नाही, बऱ्या चाकूंतही नायलॉनचे असतात, पण ते जाड आणि सपाट कापलेले. खरा घोटाळा पुढं होता. पातं ज्या पिनवर फिरतं तिच्यापेक्षा पात्याचं भोक मोठं, आणि तिरकं पाडलेलं. चाचांनी पिन त्यात घालून नुसती फिरवून दाखवली. अशा भोकात स्क्रू आवळला की पातं चिमटीत धरल्यासारखं अडकतं, सोडला की डुलतं. पाव फेऱ्याचं कोडं ते हे. आजोबांच्या चाकूत पिन भोकात बसलेली होती, म्हणून दोन टिचक्या पुरायच्या.

बोट कशानं कापलं तेही त्यांनी दाखवलं. पातं उघडलं की मुठीतली एक पट्टी सरकून त्याच्या बुडाशी टेकते, तेच त्याचं कुलूप. नव्या चाकूत ती पट्टी अलीकडच्या कडेला टेकावी, म्हणजे झिजली तरी पुढं सरकायला जागा राहते. माझ्या चाकूत मऊ पत्र्याची पट्टी चार दिवसांत पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडली होती. तिथून पातं वर-खाली हलायला लागतं, आणि ते हलणं कोणताही स्क्रू आवळून जात नाही.

तेव्हा कुणी स्टॉलवर चाकू हातात दिला तर नुसतं टोक हलवून बघू नका. स्क्रू पाव फेरा सोडायला सांगा. नीट जुळवलेला चाकू अलगद फिरतो आणि तरीही डुलत नाही, अशी एक जागा त्या फेऱ्यात सापडतेच. विकणारा स्क्रूला हात लावू देत नसेल तर चाकू खाली ठेवा. उघडल्यावर पट्टी कुठं टेकते ते बघा. भाच्यानं फ्रान्सहून आणलेला लाकडी मुठीचा ओपिनेल पावसात लाकूड फुगून आवळतो, तो त्याचा स्वभाव, त्यात लबाडी नाही. ग्रीसनं आणलेला घट्टपणा मात्र फडक्यानं पुसला की उतरतो. म्हणून आधी पुसा, मग हलवा.

आणि पक्की पावती घ्या. मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि बिलावरचं दुकानाचं नाव, पत्ता विचारला. माझ्याकडच्या चिठ्ठीवर "कटलरी – ६ नग" आणि एक मोबाइल नंबर, बस्स.

यंदा नांग्या भरायच्या आहेत. नानांना फोन केला तर म्हणाले, "चाकू आमचे आम्ही आणतो. तुम्ही फक्त चहाचं बघा."